चार बोटं निवळ

पहिलीच्या वर्गात मधल्या सुट्टीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "टीचर, बाटली उगडून दियात." शाळा गोव्यातली, मराठी माध्यमाची, मुलांची घरं कोकणी, आणि मी दोन्हींची. वर्षानुवर्षं बोलता बोलता मी ती झाकणं फिरवून देत आले. गणेश चवथीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात एका मुलीची बाटली काही माझ्याच्यानं उघडेना. झाकण घट्ट बसलं असेल म्हणून पदरात धरून पाहिलं, मग शेजारच्या वर्गातल्या टीचरांकडे पाठवली. तीन-चार दिवसांत मुलं माझ्याकडे बाटल्या आणायचीच बंद झाली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

खरं तर त्याच चवथीत एक इशारा मिळाला होता. गणपतीपुढे फुगडी घालताना जावेनं नेहमीसारखे हात घट्ट धरले आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी गेली की गाणं थांबलं. बोटांच्या मुळांपाशी, जिथे हाताची मूठ वळली की डोंगर दिसतात तिथे, तिची पकड आली होती. "कितें जालें गो?" म्हणत सगळ्या जमल्या. मी म्हटलं, बांगडी रुतली.

मग सकाळी सुरू झाल्या. पावणेसहाला उठायचं आणि दोन्ही हात आपले नव्हेतच असं वाटायचं. नळ मनगटानं ढकलून उघडायचा. टूथपेस्टचं झाकण दातांनी. आदोळीवर बसून नारळ खवायचं काम नवऱ्यानं न बोलता आपल्याकडे घेतलं, त्याचं मला तेव्हा बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटलं. दहा वाजले की बोटं एकेक करून सुटायची. दुपारी मी अगदी माणसात असायची, त्यामुळे संध्याकाळच्या दवाखान्यात जाऊन "सकाळी माझे हात चालत नाहीत" म्हणून सांगणं मलाच थापेसारखं वाटे.

पण हातांहून वाईट होता थकवा. हा शब्द फार वापरून गुळगुळीत झालाय, म्हणून जरा नीट सांगते. शाळेतून यायचं, ताट वाढून घ्यायचं आणि शीतकडीवरच, म्हणजे भात-कालवणावरच, डोळे मिटायचे. अंग कणकणायचं, पण थर्मामीटर ९९ च्या वर जाईना. वजन चार किलो उतरलं. मैत्रिणी म्हणाल्या, बारीक झालीस, छान दिसतेस.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी चिकनगुन्याचा संशय आला, आणि तो काही चुकीचा नव्हता. त्या तापानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळते, कधी कधी हुबेहूब अशीच दिसते. ती तपासणी निगेटिव्ह आली. युरिक ॲसिड ठीक निघालं. हिमोग्लोबिन मात्र ९.६. झालं, थकव्याचं कारण मिळालं! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी ९.४. गोळीची कंपनी बदलली, सोबत लिंबाचं सरबत घ्यायला सांगितलं. आणखी दोन महिन्यांनी ९.५. "गोळ्या घेता ना नियमित?" असं मला दोनदा विचारण्यात आलं. शाळेत मी मुलांना गृहपाठाबद्दल विचारते त्याच स्वरात.

दरम्यान घरचं वैद्यकीय सल्लागार मंडळ भरलेलं होतंच. वांगं बंद, वाल बंद, आंबट बंद. सोलकढी बंद म्हटल्यावर मी पहिल्यांदा भांडले. सासूबाई काजूची फेणी कोमट करून माझ्या मनगटांना चोळायच्या. तासभर बरं वाटायचं, आणि मी वर्गात गेले की पुढच्या बाकावरची मुलं नाक उडवायची.

इथे एका माणसाचं ऋण मान्य करायला हवं. आमच्या वाड्यावरचे म्हातारे वैद्य. त्यांनी नाडी पाहिली, दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले, जेवण जातं का विचारलं, आणि म्हणाले, आमवात. (डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस.) म्हणाले, 'माधवनिदाना'त याची लक्षणं सांगताना सांध्यांबरोबर अंग मोडून येणं, तोंडाला चव नसणं, आळस, जडपणा, ताप, सगळं एकत्र मांडलंय. सहा महिने मी सांध्यांचं एका ठिकाणी आणि थकव्याचं दुसऱ्या ठिकाणी सांगत हिंडत होते. दोन्ही एका वाक्यात आणणारे ते पहिले. काढा त्यांनी दिला, पण बजावलं की यात हाडं झिजतात, वेळ घालवू नका, रक्त तपासून पणजीला दाखवा.

रक्तात रुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजे या आजारात बहुधा सापडणारं एक प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आला. तो एकटा काही सिद्ध करत नाही, दुसऱ्या आजारांत आणि कधी धडधाकट माणसातही सापडतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र तो कागद हातात घेऊन मी एप्रिलच्या उन्हात फोंड्याहून पणजीची बस धरली. मंगेशी, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर. उभ्यानं प्रवास आणि वरचा दांडा धरता येईना, म्हणून कोपराच्या खोबणीत सीटची कड अडकवून गेले.

रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधेविकारांच्या डॉक्टर बाई, माझ्याहून लहान असतील. त्यांनी दुखतं कुठे हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न : सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, घड्याळात? मी म्हटलं, तीन तास. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळांपाशी आडवा हलकेच दाबला. मी पुन्हा ओरडले. जावेनं चवथीला केलेली तीच तपासणी! मी तसं सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, त्या वहिनींना इकडे पाठवा, नोकरी देते.

त्यांनी बोटांची टोकं चाचपली (तिथले सांधे ठीक होते, आणि हा आजार बहुधा ते सोडतोच), कोपरावर गाठी आहेत का पाहिलं, डोळे कोरडे पडतात का विचारलं. डोळे? मला वाटलं होतं ती खडूची धूळ. हिरड्यांतून रक्त येतं का, तंबाखू, मिश्री? आणि शेवटी : लोहाच्या गोळ्या किती महिने चालू आहेत? पाच, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि यादीत एक तपासणी वाढवली, फेरिटिन.

रक्त मी फोंड्यातच द्यायचं ठरवलं. ती लॅब म्हणजे दोन खोल्या आणि एक पंखा. तिथला मुलगा माझ्या दिराच्या मित्रांपैकी. शनिवार होता, घाई नव्हती. मी म्हटलं, तो ईएसआर म्हणजे करतोस तरी काय, दाखव. त्याला कुणी असं कधी विचारलं नसावं. त्यानं एक लांबलचक काचेची नळी काढली, बोरूपेक्षा बारीक, अंगावर शून्यापासून दोनशेपर्यंत मिलिमीटरच्या रेघा. त्यात माझं रक्त शून्यापर्यंत भरलं, लाकडी स्टँडमध्ये सरळ उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "आता एक तास बसायचं. इतकंच."

मी बसले. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग वरच्या टोकाला फिकट पिवळसर कड दिसली. कड वाढत गेली. उकड्या तांदळाची पेज परातीत ओतून ठेवली की शितं खाली बसतात आणि वर निवळ सुटते ना, तसं. लाल खाली चाललं होतं, वर निवळ. तास झाला तेव्हा त्यानं वाकून रेघ वाचली. अडुसष्ट. मी बोटं आडवी लावून पाहिली, चार बोटं निवळ. त्यानं हळूच सांगितलं, बायकांत वीसपर्यंत ठीक समजतात.

पणजीच्या पुढच्या फेरीत डॉक्टरांनी त्या चार बोटांचा अर्थ सांगितला. रक्तातल्या लाल पेशी सुट्या असतात तेव्हा सावकाश बसतात. शरीरात कुठे झगडा चालू असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त करतं, त्यानं पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चवडीसारख्या होतात आणि चवड जड म्हणून झपकन खाली जाते. (रक्त कमी असलं तरी हा आकडा थोडा वाढतो, हेही त्यांनी सांगितलं.) ही नळी वेस्टरग्रेन नावाच्या स्वीडिश माणसाची, १९२१ सालची, आणि अजून चालते. शंभर वर्षांहून जुनी आणि तरी माझ्या हातांपेक्षा खरं बोलणारी.

बाकीचे आकडे : सीआरपी, म्हणजे झगड्यात रक्तात वाढणारं आणखी एक प्रथिन, ४२, जो पाचच्या आत असायला हवा. अँटी-सीसीपी, म्हणजे आपल्याच प्रथिनांवर उलटणारी प्रतिपिंडं, दोनशेच्या वर. हिपॅटायटिस नाही. क्ष-किरण चित्रात डाव्या हाताच्या एका हाडाच्या कडेला बारीकशी खाच, पेन्सिलीचं टोक टोचल्यासारखी. आणि फेरिटिन २४०.

त्या शेवटच्या आकड्यावर त्या थांबल्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तुमच्यात लोह कमी नाहीच, म्हणाल्या, कुलपात आहे.

मी म्हटलं, म्हणजे पुरुमेंत. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते : पावसाळ्याआधी मे महिन्यात मिरच्या, कोकमं, सुकी मासळी, तांदूळ भरून माळ्यावर ठेवतात ते पुरुमेंत. माझ्या शरीरानं समजून घेतलं होतं की बाहेर धोधो पाऊस लागलाय, आता माळ्यावरचं काही खाली काढायचं नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून झगडा सुरू झाला की शरीर लोह लपवून ठेवतं. इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप्या यकृताला सांगतो, यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि हेप्सिडिन दोन्ही दारं लावून घेतं : आतड्यातून येणारं लोहही अडतं, साठ्यातलंही बाहेर पडत नाही. मी पाच महिने बंद दारावर गोळ्या फेकत होते. नियमित घेतल्या होत्या हो, अगदी न चुकता.

आणि तोच निरोप्या फायब्रिनोजेन वाढवतो. तोच सीआरपी वाढवतो. तो आणि त्याचे भाऊबंद, टीएनएफ वगैरे, मेंदूपर्यंत पोचतात तेव्हा भूक जाते, अंग कणकणतं, पडून राहावंसं वाटतं. फ्लू झाल्यावर आपण जसे लोळागोळा होतो ते जंतूमुळे जितकं, तितकंच या निरोप्यांमुळे. माझ्याकडे फ्लू नव्हता, निरोपे मात्र रोज फिरत होते. रात्री त्यांची वर्दळ वाढते, म्हणून सकाळ सगळ्यात वाईट.

हे ऐकताना मला काय झालं ते सांगणं कठीण आहे. आनंद म्हणणार नाही. पण आठ महिने माझ्याकडे आजारांची पिशवी होती, सांधे, रक्त, डोळे, कणकण, वजन, चिडचिड, आणि प्रत्येकासाठी वेगळी गोळी. त्या बाईंनी पिशवी उलटी केली तर एकच वस्तू पडली.

त्या वस्तूला मराठीत काय म्हणायचं यावर मी अजून अडते. पुस्तकात 'दाह' असतो, 'शोथ' असतो. आपण बोलताना 'सूज' म्हणतो. सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात चार खुणा सांगितल्या होत्या : लाली, सूज, ऊब, दुखणं. पाय मुरगळला की चारही दिसतात. पण जे यकृतात आणि रक्तात चाललंय ते ना लाल, ना सुजलेलं. 'अंगात सूज आहे' म्हटलं की लोक पायांकडे बघतात. शेवटी मी 'इन्फ्लमेशन'च म्हणते. शाळेत मराठी शिकवणारीनं हे कबूल करणं बरं नाही, पण आहे ते आहे.

अँटी-सीसीपीचं कोडं मला माझ्या पद्धतीनं सुटलं. आपल्याच काही प्रथिनांत एक बारीकसा रासायनिक बदल होतो. तंबाखूच्या धुरानं होतो, हिरड्यांच्या जुनाट आजारातही होतो असं सांगतात. म्हणजे शाळेचाच मुलगा, फक्त रंगीत शर्ट घालून आला. फाटकावरचा शिपाई त्याला ओळखत नाही आणि परका म्हणून अडवतो. पुढे ती भांडणं इतकी वाढतात की शिपाई वर्गात शिरून बाकं मोडायला लागतात. सगळ्यांत असं का होत नाही, तर काहींच्या शिपायांची नजर जन्मतःच तशी असते. बायकांत हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट.

घराण्यात कुणाला होता का, या प्रश्नावर मी आधी नाही म्हटलं होतं. बसमध्ये बाणस्तारीला आठवलं. माझी मावशी. तिच्या हातांची बोटं करंगळीकडे वळलेली होती, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या भातासारखी. त्या हातांनी ती भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, साल एकीकडे, बी एकीकडे. आम्ही मुलं तिची नक्कल करायचो. तिला वात आहे एवढंच घरात बोललं जायचं. सदा दमलेली, म्हणून आजी तिला आळशी म्हणायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेत हृदयविकारानं गेली. त्याचा आणि बोटांचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मी पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. एका माणसाबद्दल असं मागे जाऊन ठरवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पण हा आजार असलेल्यांत हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट धरतात, कारण वर्षानुवर्षं पेटलेलं रक्त धमन्यांच्या आतल्या अस्तरालाही सोडत नाही. म्हणून बीपी, कोलेस्टेरॉल बघत राहायचं. सांध्यांचं दुखणं गोळीनं दाबून चालत नाही ते याचसाठी, आतलं शमलं पाहिजे. हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मी घरी येऊन मावशीचा फोटो काढला. फोटोत तिनं हात पदराखाली घेतलेत.

औषधं सुरू झाली. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, आधी दहा मिलिग्रॅम, मग पंधरा. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, त्यासाठी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात, तोवरचा पूल म्हणून थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड.

प्रेडनिसोलोनबद्दल काय सांगू! तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि नळ बोटांनी उघडला. नारळ खवला. दोन खवले. शाळेत फळ्यावर बाराखडी अख्खी लिहिली. मला वाटलं, हीच गोळी जन्मभर द्या, बाकी काही नको. डॉक्टर म्हणाल्या, १९४८ मध्ये हेंच नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं तेव्हाही असंच झालं, अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालत बाजारात गेली. १९५० मध्ये नोबेल मिळालं. आणि मग हळूहळू कळत गेलं की जास्त दिवस जास्त घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा गोल होतो. शिवाय शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल करायचं विसरतं, म्हणून एकदम बंदही करायचं नाही, पायरी पायरीनं उतरायचं. माझी उतरताना प्रत्येक पायरीला दोन दिवस वाईट गेले.

मेथोट्रेक्सेटचं दुखणं वेगळं. शनिवारी रात्री घ्यायचे, म्हणजे मळमळ रविवारी, शाळा बुडायला नको. पण गोव्यात रविवारी सकाळी घरात मासळी येते. बांगड्याच्या तिरफळं घातलेल्या हुमणाचा वास आला की मी मागच्या अंगणात पळायची. सासूबाईंना आधी वाटलं नातवंड... चव्वेचाळीसाव्या वर्षी! (गमतीत सांगते, पण या औषधावर असताना दिवस राहता कामा नयेत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारलं होतं.) दारूबद्दलही विचारलं, यकृतासाठी. मी फेणी चोळण्याचं सांगितलं. बाहेरून हवी तेवढी, म्हणाल्या.

मे महिन्यात मात्र एक प्रकार घडला तो सांगायलाच हवा. गोळ्या संपल्या म्हणून नवऱ्यानं येताना एका औषधाच्या दुकानातून आणल्या. दुकानदारानं पाकिटावर पेनानं लिहिलं होतं : रोज रात्री १. मी शनिवारी घेतली. रविवारी पाकीट पाहिलं, वाटलं डॉक्टरांनी फोनवर काही बदललं असेल, यांना सांगितलं असेल, आणि घेतली. शिकली-सवरलेली बाई, पण पाकिटावर लिहिलंय म्हटल्यावर खरं मानलं. सोमवारी रात्री तिसरी गोळी हातात असताना अकरावीतली मुलगी म्हणाली, "आई, ही तर तू शनिवारीच घेत होतीस ना?" डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, किती झाल्या? दोन, म्हटल्यावर त्यांचा सुस्कारा मला इकडे ऐकू आला. त्या आठवड्यात दोनदा रक्त तपासलं. तोंडात फोड आले, गेले, तेवढ्यावर निभावलं. हे मूळचं कर्करोगाचं औषध, तिथे खूप मोठ्या मात्रेत देतात. आपल्याला आठवड्याला चिमूटभर. तीच चिमूट रोज घेतली तर हाडातला मगज रक्तपेशी करणं थांबवतो, त्यातून माणसं गेलेली आहेत. आता आमच्या फ्रिजवर कॅलेंडरच्या प्रत्येक शनिवारी लाल गोल आहे आणि गोळी घेतली की मुलगी त्यात फुली मारते. दुकानदाराशी नवरा भांडून आला. मी गेले नाही. चिठ्ठीवरचं अक्षर मीही वाचलं नव्हतं.

जुलैत मी परत पालथी पडले असं वाटलं. सीआरपी चांगला अकरापर्यंत उतरला होता, तो एकदम ५८. रात्रभर झोप नाही. हातांची बोटं तर चालत होती! डॉक्टरांनी घसा पाहिला, ताप मोजला, आणि हसून म्हणाल्या, घसा पिकलाय. सीआरपी कुठल्याही झगड्यात वाढतो, हे मी विसरूनच गेले होते. देवळातली घंटा वाजली म्हणून आरती सुरू झाली असं होत नाही. कधी कुणाचं पोर उचलून घेतलेलं असतं आणि त्यानं वाजवलेली असते. आकडा वाचायचा तो हात, घसा, झोप यांच्यासकट. त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट चुकवायला सांगितली, ताप उतरेपर्यंत. आमच्याकडे पावसात डेंगी, लेप्टो असतंच, त्यामुळे ताप आला की आधी फोन, मग गोळी, असा नियम झालाय.

तेव्हापासून मी घरात रोज सीआरपीची चर्चा करायची बंद केली. नवरा सुटला.

मळमळ फारच झाली तेव्हा ऑगस्टमध्ये गोळीऐवजी त्वचेखालची सुई आली. पोटाला चिमटीत धरून मीच टोचते. याउप्पर नाहीच जमलं तर पुढची औषधं आहेत, टीएनएफला थेट अडवणारी. ती शोधणाऱ्यांतले एक, मैनी, लुधियानात जन्मलेले; त्यांनी आणि फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्यांदा ती रुमॅटॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिली. पण त्याआधी लपलेला क्षयरोग नाही ना हे बघावं लागतं, कारण शरीरानं क्षयाचे जंतू जिथे चिणून ठेवलेले असतात त्या भिंतीला टीएनएफचाच टेकू असतो. खर्चाचा आकडा ऐकून मी सुईशी जुळवून घेतलं. सध्या तरी भागतंय.

यंदा चवथीला मी फुगडीच्या रिंगणाबाहेर बसून गाणी म्हटली. डावं मनगट अजून धरतं, ती खाच काही भरून येणार नाही. बाटल्यांची फिरकीची झाकणं उघडतात. दाबून उघडायची जी नवीन आलीत ती अजून शेजारच्या वर्गात जातात.

सुट्टी संपल्यावर परत त्याच लॅबमध्ये गेले. लोहाच्या गोळ्या एप्रिलमध्येच थांबवल्या होत्या, एकही घेतली नव्हती. हिमोग्लोबिन ११.२. मी कागद उलटा धरून पुन्हा पाहिला. ईएसआरच्या नळीसमोर मी न सांगता खुर्ची ओढून बसले, मुलगा आपल्या कामाला लागला. बाहेर पाऊस. पंखा. अर्धा तास झाला तरी लाल जवळजवळ जागच्या जागी. तास भरल्यावर त्यानं वाचलं, सव्वीस. मी बोट आडवं लावलं. एक बोट, वर थोडीशी.

"वीसच्या आत नाही आली," मी म्हटलं.

"येईल," तो म्हणाला. "आणि तुमच्या सासूबाईंना सांगा, त्यांची शुगर तपासायची राहिलीय. उपाशीपोटी या म्हणावं, मागच्या वेळी पेज घेऊन आल्या होत्या."